स्क्रीनचं तोंड कुणाकडं

लोणी भापकरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दूध संकलन केंद्र आहे. गावात त्याला कुणी केंद्र म्हणत नाही, आबांची डेअरी म्हणतात. आबा म्हणजे माझे सासरे. ते काट्यावर दूध मोजतात, त्यातलं कपभर दूध फॅट मोजायच्या मशीनला लावतात आणि मशीनचा आकडा जिथं उमटतो त्या कॉम्प्युटरपुढं मी बसते. म्हणजे बसायचे. गेल्या उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरच्या डब्यात पाल शिरली. पाल गेली आणि कॉम्प्युटरही गेला.

मी मुळात काळजीखोर बाई. माझं माहेर पळसदेवचं, उजनीच्या काठाचं. तिथं पाणी चढलं तर रान बुडेल ही काळजी आणि उतरलं तर मोटारीचा पाइप उघडा पडेल ही काळजी. सकाळी उठून आधी पाण्याकडं बघायचं, मग चूल पेटवायची. ती खोड लग्नात आंदण मिळाल्यासारखी माझ्याबरोबर आली. नवरा बारामती एमआयडीसीत पाळीला जातो, त्याला कशाची फिकीर नसते. कॉम्प्युटर गेला म्हटल्यावर फोनवरच म्हणाला, "लॅपटॉप घे एखादा. सगळे सारखेच असत्यात." मी फोन ठेवून दिला. सगळे सारखे असते तर दुकानं कशाला लागली असती?

तोवर आम्ही हातानं लिहायला लागलो. मशीनच्या बारक्या काचेत आकडा यायचा, आबा मोठ्यानं सांगायचे, मी वहीत टिपायचे. काम तेच, आकडा तोच. पण लोक गप्प झाले. एरवी आमच्या डेअरीत सकाळी इतकी टिंगल चालते की चहाची टपरी बरी. कुणाची गाय आटली, कुणाच्या दुधाला फॅट कमी लागली, सगळ्यावर हसणं. ते थांबलं. बाया किटली ओतायच्या, आकडा ऐकायच्या, मान हलवायच्या आणि निघायच्या. चौकात नवी डेअरी निघालेली होतीच. एक घर तिकडं गेलं, मग दुसरं गेलं. आबा जेवताना भाकरी कुस्करायचे आणि तशीच ठेवून उठायचे. मला भीती वाटायला लागली, खरी भीती. चोर म्हटलं असतं तर मी भांडले असते. कुणी म्हणतच नव्हतं.

तेव्हा एका दुपारी आबा नि मी बारामतीला गेलो. फॅट मशीनची वायर मी पिशवीत घालून घेतली होती, नऊ पिनांची, जाड तोंडाची. दुकानदारानं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"असलं पोर्ट आता लॅपटॉपला येत नाही, ताई. मधी कन्व्हर्टर लावावा लागेल."

"लावला की चालेल?"

"चालायला पाहिजे."

चालायला पाहिजे! म्हणजे चालेलच असं नाही. त्यानं फॅट मशीन जन्मात पाहिलं नसणार.

त्यानं दोन लॅपटॉप काढले. एक जाडजूड, पाटासारखा. त्याला तीन मोठी यूएसबी, शिवाय मोठी स्क्रीन जोडायची खाच. पण त्याची स्वतःची स्क्रीन मेलेली, समोरून बघितलं तर ठीक, जरा बाजूला सरकलं की काळीकुट्ट. आणि बॅटरी तासाभराची. आमच्याकडं नेमकी दुधाच्या वेळी लाईट जाते. मशीन इन्व्हर्टरवर कसंबसं तग धरतं, त्यावर आणखी भार नको. दुसरा पातळ, हलका. बॅटरी दिवसभराची. स्क्रीन अशी लख्ख की त्यातला मोर दुकानाच्या दारातून दिसावा. पण त्याला मोठं यूएसबी एकच, आणि बाकी दोन बारकी भोकं.

"भोकं किती हायती, तेवढं बघ," आबा स्टुलावरून म्हणाले.

"हीच तर अडचण हाय, आबा. मशीन एका भोकात, मग पावतीचा प्रिंटर कुठं लावायचा?"

"हब घ्या," दुकानदार म्हणाला. "एका पोर्टाचे चार होतात."

म्हणजे सगळा गोतावळा एका दारातून. ते दार सैल झालं की संपलं सगळं. मी पातळ उचलावा आणि खाली ठेवावा, जाडा उचलावा आणि खाली ठेवावा. दुकानदार दर वेळी लॅपटॉप आमच्याकडं फिरवायचा, काहीतरी दाखवायचा, मग बटणं दाबायला परत स्वतःकडं फिरवून घ्यायचा. माझी नजर खाचांवरून हलेना. खोकं फोडलं की परत घेणार नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. आबा घाम पुसत होते. शेवटी स्क्रीनपायी मी पातळ घेतला. इतकी वर्षं मान वाकडी करून काम केलंय, आता सरळ बसून दिसेल, असंही मनात आलं. घरी येईपर्यंत मोटारसायकलवर मी ते खोकं पोटाशी धरून बसले आणि सारखं वाटत राहिलं, जाडाच घ्यायला हवा होता.

सकाळी लोक यायच्या आधी जोडाजोडी केली. आधी मशीनचा आकडा येईनाच. कन्व्हर्टर काढला, फुंकला, घातला. देव्हाऱ्याकडं बघितलं. मग आला! मी आबांना हाक मारली ती वाड्यावस्त्यांवर ऐकू गेली असेल.

आमच्या डेअरीचा आबांनी पहिल्यापासून पाळलेला एक रिवाज आहे. घरच्या गाईंचं दूध आधी, सगळ्यांसमोर लावायचं. आबांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. ते म्हणतात, मेंढरं मोजताना घेणारा नि देणारा दोघांनी एका जागी उभं राहायचं, न्हायतर मोजूच न्हाय. त्या दिवशीही घरचं दूध आधी लागलं.

"तीन पॉइंट चार," मी म्हणाले. रोजच्यापेक्षा कमी.

एरवी यावर हशा पिकला असता. सगळ्यात पुढं माळावरच्या काकू होत्या. डेअरी निघाली तेव्हापासूनच्या, जिभेला हाड नसलेल्या. आबांची सगळ्यात जास्त टिंगल त्यांनीच केलेली.

"किती म्हणालीस?"

"तीन पॉइंट चार, काकू."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांनी किटली काट्यावर ठेवली नाही. झाकणावर हात दाबून तशाच उभ्या राहिल्या, आणि बघत होत्या लॅपटॉपकडं. मीही त्यांची नजर धरून तिकडं बघितलं, तेव्हा कुठं ध्यानात आलं. त्यांच्या बाजूनं दिसत होती नुसती लॅपटॉपची पाठ, करड्या पत्र्याची.

जुन्या कॉम्प्युटरची स्क्रीन आबांनी पहिल्या दिवसापासून लोकांकडं तोंड करून ठेवली होती. म्हणून तर माझी मान वाकडी व्हायची. मी मानेला बाम चोळला, कुरकुर केली, आणि दुकानात तासभर खाचा मोजल्या, पण आकडा बघायचाय तो यांना, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ती जुनी स्क्रीन कोपऱ्यात धड होती. तिची निळ्या तोंडाची वायर या लॅपटॉपला कुठंच बसत नव्हती. काकूंनी किटलीची कडी उचलली. आता या चौकाकडं जाणार, आणि त्या गेल्या की अख्खा माळ जाणार.

मी उठले. वायरी सांभाळत लॅपटॉप उचलून टेबलाच्या कडेला आणला आणि लोकांकडं फिरवला. मग बटणं कशी दाबायची? स्टूल घेतलं, टेबलाला वळसा घातला आणि लोकांच्या बाजूला, काकूंच्या शेजारी जाऊन बसले. टेबलापलीकडं आबा एकटे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग काही न विचारता घरच्या दुधाचा कप पुन्हा भरला.

"परत लावतो," ते म्हणाले. त्यांनी कप मशीनखाली धरला.

आकडा आला. मागच्या माणसांनीही माना उंचावल्या. काकू माझ्या खांद्यावरून वाकल्या, डोळे बारीक केले आणि मोठ्यानं वाचलं, "तीन, पॉइंट, चार."

मग त्या आबांकडं वळल्या.

"काय वो आबा," काकू म्हणाल्या, "पाणी गाईला पाजलं का दुधाला?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. आबा म्हणाले, "गायच लबाड हाय, मी काय करू?" आणि उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मला रडू येत होतं. मी बटणांकडं बघत राहिले.

"तुमचा नंबर काय, काकू?" मी विचारलं. त्यांचा खातेनंबर मला झोपेतही पाठ आहे.

त्यांनी सांगितला. मी दाबला, त्यांनी तो स्क्रीनवर बघितला, आणि किटलीचं झाकण काढलं.