लग्नाला गेलेलं माप

नाना गेल्याचं मला पौडच्या स्टँडवर कंडक्टरनं सांगितलं. पुण्याच्या इस्पितळातला निरोप त्याच्याच गाडीनं आला होता. शाळेत निघालेला मी तिथंच बाकावर बसून राहिलो. त्याला महिना उलटून गेला, पण तो थकवा काही अंगातून जात नाही...

नाना आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले ते स्वातंत्र्याच्या आसपास. मुळशीच्या धरणात गेलेल्या गावांतल्या वस्तू गोळा करून त्यांनी शाळेच्या मागच्या खोलीत मांडल्या आणि दारावर ‘संग्रहालय’ अशी पाटी लावली. आम्ही बाकीचे शिक्षक चेष्टा करायचो. त्यात एक पितळी माप होतं, बुडालेल्या एका घरातून वाचवून आणलेलं. त्या घरची प्रत्येक सून त्यातले तांदूळ पायानं लवंडून आत आलेली. पुढं दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा बाकी सगळं मिटलं, मापावरून मात्र हमरीतुमरी झाली. शेवटी त्यांच्या आईनं ते उचलून नानांकडे आणून दिलं. दोघांपैकी कुणाच्याही घरी लग्न निघालं की माप जायचं आणि मूठभर तांदूळ घेऊन परत यायचं. तोवर रिकाम्या जागी नाना एक चिठ्ठी ठेवत, ‘लग्नाला गेले आहे.’

एकदा एक परदेशी बाई आल्या. त्यांना ते माप आपल्या देशातल्या संग्रहालयासाठी हवं होतं. तिथं नीट राहील, म्हणाल्या.

“न्या की,” नाना म्हणाले. “फक्त दर लग्नसराईत आणून द्यावं लागेल.”

बाई हसल्या. त्यांच्या घरी बारशाचा एक झगा होता, पणजीपासून प्रत्येक बाळाच्या अंगावर चढलेला. तो कुणी मागितला तर आपणही देणार नाही, असं त्या आपणहून बोलल्या आणि मापाचं चित्र तेवढं काढून घेऊन गेल्या.

आता शाळेला वर्गासाठी खोली हवी आहे. वस्तू पुण्याच्या संग्रहालयात पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मी दम्याचा माणूस, निवृत्तीला टेकलेला. खरं सांगतो, सुटलो असंच वाटलं. गेल्या आठवड्यात पेट्या भरत होतो, तर त्या भावांतला धाकटा दारात उभा. मुलाचं लग्न ठरलं होतं. मी माप काढून दिलं. ते हातात घेऊन तो घुटमळला.

“नाना न्हाईत आता. परत कुणाकडं आणायचं, गुरुजी?”

फार दमलो होतो...

“इथंच आणा,” म्हटलं. “मी आहे.”

तो गेल्यावर फळीवर नानांच्या अक्षरातली ती चिठ्ठी ठेवली, आणि पेटीतल्या बाकीच्या वस्तू पुन्हा बाहेर काढायला बसलो.