लेकीनं धुऊन दिलेला कॅन

मिरचीची रोपं खुजी का राहिली, हे शोधण्यात माझी उन्हाळ्याची सुट्टी गेली. गोष्ट रोपांपुरतीच असती तर मी विसरूनही गेले असते.

मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. लोह्याजवळच्या आमच्या गावी गेले की घरात सगळ्यात जास्त मला कळतं, असा माझा समज असतो. त्या सुट्टीत माझी माय अंगणात ट्रेमध्ये घरच्या बियांची मिरची लावत होती. पाणी घालायला काही तरी सोयीचं हवं म्हणून मी गोठ्यातून दोन रिकामे कॅन काढले. चांगले पाच-पाच लिटरचे, मजबूत मुठीचे. तणनाशकाचे होते. माय जरा बिचकली.

"प्लास्टिकला काय लागतंय? धुतलं की झालं," मी म्हणाले.

राखेनं घासले, साबणानं धुतले, वास जाईस्तोवर विसळले. एक रोपांसाठी ठेवला. दुसरा माझ्या वडिलांना, आबांना, शेतात पाणी न्यायला दिला. मायनं त्याच्यावर गोणपाट शिवलं. सकाळी ते ओलं केलं की दुपारपर्यंत पाणी गार राहायचं. आबा आल्यागेल्याला सांगायचे, लई गार पाणी हाय.

रोपं उगवली आणि चार पानांवर अडली. पानं अरुंद, पीळ भरल्यासारखी, शेंडे वाकडे. मी माती बदलली. ऊन कमी पडतंय म्हणून ट्रे अंगणातल्या कडुलिंबाखालून हलवले, मग ऊन जास्त होतंय म्हणून परत लिंबाखाली आणले. गांडूळखत घातलं. काहीच फरक पडेना, तेव्हा मायवर घसरले.

"तू पाणी जास्त घालतीस. मुळं कुजली असतील."

"इतकी वर्सं घालूनच राहिले ना, आताच कुजाय लागली व्हय?" माय म्हणाली आणि माझा हात धरून मला मोरीपाशी घेऊन गेली.

तिथं एका फुटक्या माठात तिनं उरलेलं बी टाकलं होतं. तेच बी, तीच अंगणातली माती, आणि रोपं वीतभर, हिरवीगार. मी बघतच राहिले.

"ह्याला काय घातलंस?"

"काय बी न्हाई. खरकटा तांब्या धुतला की पाणी तिथंच वततेय."

तांब्या. म्हणजे कॅन नाही. ट्रेला रोज कॅननं पाणी जात होतं, आणि दुसरा कॅन त्या वेळी शेतात आबांजवळ होता.

मी चपला न घालताच निघाले. भर दुपार होती, पाय भाजत होते, ते नंतर कळलं. आबा बांधावरच्या बाभळीखाली बसून, कॅन वर करून घटाघट पाणी पीत होते. मी तो हातातून ओढला, त्यांच्या सदऱ्यावर पाणी सांडलं. धापा टाकत रोपांचं सांगितलं. त्यांना हसू आलं.

"रोपं नाजूक असत्यात. मी काय रोप हाय का?"

मला रडू फुटलं, तेव्हा कुठं ते उठून माझ्याबरोबर घरी निघाले.

घरी मायनं गोणपाटाची शिवण उसवली. खाली अर्धवट निघालेलं लेबल होतं, त्यावरची विषाची खूण अजून स्पष्ट दिसत होती. धुताना मी ती बघितली होती. खरं सांगते, बघितली होती, आणि तरीही त्यात पाणी भरून दिलं होतं. शाळेत ह्या खुणांचा अर्थ मीच शिकवते.

दुसऱ्या दिवशी आबांना नांदेडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासायला लिहून दिलं. मी खाली मान घालून बसले होते. त्यांनी आबांना विचारलं, "असल्या कॅनमधलं पाणी प्यायलाच कसं तुम्ही?"

आबा जरा सावरून बसले.

"आता लेकीनं धुऊन देल्यावर काय बघायचं?" ते म्हणाले. "ती सायन्सची मास्तरीण हाय."