दुसऱ्या कुलपाची कडी

त्या दिवशी वडिलांनी समाजाच्या गोदामाची किल्ली दुसऱ्या पंचांच्या हातात दिली.

आमच्या विणकर समाजात दोन पंच असत. गोदामाच्या दाराला दोन कुलपं आणि प्रत्येकाकडे एक किल्ली. एकट्याला दार उघडता येत नसे. वडील शाळेत इतिहास शिकवत, म्हणून लोकांनी त्यांना पंच केलं होतं. दुसरे पंच सुताचे व्यापारी. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो. रोमच्या प्रजासत्ताकात दरसाल दोन कॉन्सल निवडत, एकाला दुसऱ्यानं अडवता यावं म्हणून, असं वडील वर्गात सांगायचे तेव्हा विणकरांच्या मुलांना ते वेगळं समजवावं लागत नसे.

दुष्काळात एकेक माग बंद पडू लागला. गोदामातली ज्वारी घरोघर वाटायची होती, पण वडील शाळेत असले की बायका पिशव्या घेऊन दारात ताटकळत बसायच्या. बैठकीत एकजण म्हणाला, "मास्तर, तुमची शाळा सुटेस्तोवर आमच्या चुली थांबत्यात की."

वडील उभे राहिले. रोमवर संकट आलं की एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता देत, फार तर सहा महिने. असाच एकजण नांगर सोडून आला, लढाई जिंकली आणि सत्ता परत करून शेतावर निघून गेला, हे त्यांनी वर्गात सांगत तसंच सांगितलं.

"रोमात ज्वारी पिकती काय, मास्तर?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

सगळे हसले, वडीलही हसले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. "सहा महिने," ते म्हणाले. मामांनी ती कपाळाला लावली.

मामांनी वाटप चोख केलं, हेही लिहायला हवं. समाजातलं एकही घर उपाशी राहिलं नाही.

पुढं पाऊस झाला, माग पुन्हा खडखडू लागले. सहा महिने सरल्यावर वडील मला घेऊन किल्ली मागायला मामांच्या पेढीवर गेले. मामांनी उठून त्यांना गादीवर बसवलं, चहा मागवला.

"किल्ली तुमचीच हाय की, मास्तर. माझ्याकडं राहिली म्हणून काय बिघडलं? लोकच म्हणत्यात, असंच चालू दे. मी काय, तुमच्यातलाच एक. बैठकीला मात्र यायचं हं. तुमच्याशिवाय शोभा न्हाय."

वडिलांनी चहा संपवला. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं."

त्या वर्षी मी त्यांच्याच वर्गात होते. रोमच्या पहिल्या सम्राटाचा धडा आला. त्यानं सिनेट मोडलं नाही. कॉन्सल निवडले जात राहिले, सभा भरत राहिल्या, जुनी नावं तशीच राहिली. प्रजासत्ताक संपलं, असं कुणी जाहीर केलं नाही. एवढं सांगून वडिलांनी तास संपायच्या आधीच पुस्तक मिटलं. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली.

बैठकीला ते जात राहिले. खुर्ची पहिल्या रांगेतच असे. एकदा घरी येऊन आईला म्हणाले, "आज मी नामंजूर म्हणालो. ठराव लिहिणाऱ्यानं 'सर्वानुमते' लिहिलं."

"ऐकू गेलं नसेल," आई म्हणाली.

"माझ्याकडे बघत लिहिलं त्यानं."

आईनं ताट वाढलं. त्यानंतर त्यांनी बैठकीचं घरी काही सांगितलं नाही. शाळेतून येऊन ते वाचत बसत, पण पान उलटल्याचा आवाज फार उशिरानं येई.

त्यानंतर दहा वर्षं व्हायच्या आत वडील गेले. शोकसभेत मामा बोलायला उठले. "मास्तरांना विचारल्याशिवाय मी एक पाऊल टाकलं न्हाय," ते म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. मला वाटतं, मामांना ते खरंच वाटत होतं. वडिलांच्या जागी रीतसर नवा पंच निवडला गेला. तो मामांचा जावई होता.

आता मामाही नाहीत. गोदाम आहे. दाराला एकच कुलूप आहे. दुसऱ्या कुलपाची कडी अजून तिथंच आहे.