समोरच्या छपरावरचा बर्फ

नवरा आपणहून एखादं काम अंगावर घेतो म्हणाला, तर बायकोने खूश व्हावं की सावध? फौजदारीण सावध झाली. तिचा नवरा बसच्या डेपोत वीजदुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर गाड्यांचे दिवे लावून यायचा, पण घरातला गेलेला बल्ब बदलायचा म्हणजे त्याच्या हातापाया पडावं लागायचं. हाच माणूस हिवाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या संध्याकाळी जेवता जेवता म्हणाला, "समोरच्यांच्या घराकडे यंदा मी बघतो. तू नको जाऊस."

"का? दरवर्षी मीच जाते की."

"म्हणून तर. बर्फावरून घसरशील. गुडघे बघ तुझे."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्या गुडघ्यांची चौकशी कधी केली नव्हती. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिने तिथेच ताडलं आणि वरकरणी फक्त आमटी वाढली.

फौजदारीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. पोटासाठी मायदेश सोडून या गावात येऊन राहिलेली जी आपली मंडळी होती, त्यांनी ते तिच्या पाठीमागे ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत मळक्या चादरी निवडायचं काम ती करायची. चादर उलगडली की तिला पाहुण्यांची कुंडली दिसायची. इथे नवराबायको भांडून पाठ करून झोपले, इथे पोराने पांघरुणात लपून चॉकलेट खाल्लं. उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई. वाईट एवढंच, की मोजून झाली की ती पिसं तिला कुणाला तरी दाखवावी लागत. तोंडात तीळ भिजायचा नाही. त्यातही पहिला मान तिच्या मैत्रिणीचा. ही मैत्रीण इस्पितळात नर्स होती, आणि नर्सला सांगणं म्हणजे सांगणं नव्हेच, अशी फौजदारिणीची समजूत होती.

समोरच्या घरात राहायचे साहेब. ते एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि रविवारी आपली मंडळी हॉलमध्ये जमायची तिथेही टाय लावून यायचे, म्हणून साहेब. त्यांची बायको ती साहेबीण, आणि एक लहान मुलगी. हे कुटुंब दर हिवाळ्यात डोंगरात बर्फावर घसरायला जायचं आणि तिथून आपल्या मंडळींच्या ग्रुपवर फोटो पाठवायचं. बर्फात खेळायचंही असतं हे बाकीच्यांना त्या फोटोंवरून कळलं. तोवर सगळ्यांची समजूत अशी होती, की बर्फ हा फावड्याने उपसायचा असतो.

घर रिकामं ठेवून गेलं, की थंडीने नळाचं पाणी गोठतं आणि पाइप फुटतात. म्हणून घरातली ऊब अगदी मंद ठेवायची, आणि मागे राहणाऱ्या कुणीतरी अधूनमधून जाऊन नळ सोडून यायचं. ज्यांना कुठेच जायचं नसतं, त्यांच्याकडे किल्ल्या येतात. फौजदारिणीचं हॉटेल सुट्ट्यांत ओसंडून वाहायचं, त्यामुळे ती दरवर्षी मागे राहायचीच. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. यंदा सुट्टीत मित्रांबरोबर जातो म्हणाला. त्यावरही तिचा संशय होता, पण तो तिने पुढच्यासाठी राखून ठेवला.

तर साहेबांची किल्ली दरवर्षी तिच्या हातात पडायची. तिथल्या कशाला तिने कधी हात लावला नाही, पण नळ सोडून होईपर्यंत चार खोल्या नजरेखालून घालायला कुणाची बंदी नव्हती. यंदा साहेबांनी गाडीत बॅगा भरल्या, साऱ्या गल्लीचा हात हलवून निरोप घेतला आणि किल्ली दिली ती नवऱ्याच्या हातात. साहेबीण तिच्याशी बोलली, पण बोलताना तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

नवरा दुसऱ्याच दिवशी नळ सोडायला गेला. परत आला तेव्हा फौजदारिणीच्या पोळ्या लाटून, भाजून, झाकूनही झाल्या होत्या.

"नळ सोडून आलात की विहीर खणून?"

"जरा बसलो होतो. शांत वाटतं तिथे."

घरात दोन माणसं, पोरगं बाहेरगावी, आणि याला शांततेसाठी समोर जावं लागतं. पुढे दूध संपायला लागलं. दोघांना पुरून उरणारं दूध सकाळी फ्रिजमध्ये नाही म्हणजे नाही. पाव नेहमीपेक्षा लवकर सरायला लागला. एकदा तर साखरेचा डबा हाताला हलका लागला. नवरा म्हणाला, हल्ली भूक वाढली आहे. पण त्याच्या कमरेचा पट्टा होता त्याच भोकावर होता.

मग तिने त्याचा स्वेटर धुवायला घेतला. स्वेटर नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. तेलात परतलेल्या कांद्याचा वास. तिच्या स्वतःच्या घरात त्या आठवड्यात कांदाच नव्हता. पोती स्वस्त मिळतात त्या दुकानात जायला तिला वेळ झाला नव्हता. म्हणजे रिकाम्या घरात कुणीतरी कांदा परतत होतं आणि नवरा शेजारी उभा होता. तिला बाकी कशाहीपेक्षा या गोष्टीचा राग आला, की ती बाई त्याला करून घालते आहे.

मनात शंका होती, पण पुरावा लागतो. तो तिला आकाशातून मिळाला. रात्रभर बर्फ पडला होता. सकाळी कामाला निघताना तिने सवयीने वर बघितलं. सुट्टीवर गेलेल्या सगळ्यांच्या छपरांवर बर्फाचा जाड थर तसाच. जी माणसं घरी होती, त्यांची छपरं आतल्या उबेने ठिबकत होती. आणि समोरच्या साहेबांचं रिकामं छप्पर? स्वच्छ, ओलं, काळंभोर. मांजर डोळे मिटून दूध पितं खरं, पण ते कुणाच्या घरच्या दुधावर ताव मारतं हे आता छप्परच सांगत होतं.

लॉन्ड्रीत पोचायच्या आत तिने नर्सला फोन केला. "आमच्या ह्यांचं काहीतरी चाललंय," ती म्हणाली. दूध, पाव, स्वेटर, छप्पर, सगळं ओळीने सांगून टाकलं. "साहेबांच्या घरात कुणीतरी बाई आहे गं. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या चुलीवर."

"अगं बाई," नर्स म्हणाली. "रविवारी मला सुट्टी आहे. मी येते. दोघी मिळून दार वाजवू."

त्या दिवशी चादरी निवडताना तिला काहीच दिसेना. नवरा काही देखणा नव्हता, बोलका तर नव्हताच. पण परक्या देशात आल्यापासून तिची म्हणावी अशी एकच वस्तू होती, तीही कुणी उचलून नेत असेल, तर मग राहिलं काय? ती मशीनच्या आवाजात थोडी रडली. तिथे कुणाला ऐकू जात नाही.

दुपारी ग्रुपवर साहेबांच्या सुट्टीचा फोटो आला. पांढरा डोंगर, तिघं हसताहेत. सगळ्यांनी वाहवा केली. फौजदारिणीने फोटो मोठा करून बघितला. मुलीचे पुढचे दोन दात नव्हते. हे दात सुट्ट्यांच्या आधीच येऊन चांगले टणक झाले होते, तिने स्वतः हॉलमध्ये त्या पोरीला तोंड उघडायला लावून बघितले होते. फोटो जुना होता. म्हणजे डोंगरात कुणी गेलंच नव्हतं, किंवा सगळे गेले नव्हते. साहेबीण खांद्यावरून पलीकडे का बघत होती, ते तिला आता कळलं, असं तिला वाटलं. ती बाई साहेबीणच होती. तिने नर्सला पुन्हा फोन लावला, पण नर्स वॉर्डात होती आणि फोन उचलला गेला नाही. फौजदारिणीने रविवारपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि कामावरून लवकर निघाली.

घराच्या कोपऱ्यावर येते तो काय, नवरा हातात पिशवी घेऊन मागच्या बोळात वळताना दिसला. मान खाली, चाल चोराची. ती त्याच्या पाऊलखुणांत पाऊल टाकत मागोमाग गेली. आज गुडघे अजिबात दुखले नाहीत. साहेबांच्या मागच्या दारापाशी त्याने किल्ली फिरवली, पिशवी सावरत आत गेला आणि दार नुसतं लोटलं. काय काय बोलायचं ते तिने वाटेत रचून ठेवलं होतं. पहिलं वाक्य साहेबिणीसाठी होतं आणि ते चारचौघात बोलण्यासारखं नव्हतं. तिने दार ढकललं.

स्वयंपाकघरात पडदे ओढलेले. साहेबीण कांदा परतत होती. टेबलाशी साहेब बसले होते, टाय नाही, दाढी वाढलेली, अंगावर घोंगडी. आणि तिचा नवरा, जो स्वतःच्या मुलाशी कधी खेळला नाही, तो पिशवी बाजूला टाकून जमिनीवर मांडी घालून बसत होता, कारण साहेबांच्या मुलीने पत्ते आधीच वाटून ठेवले होते.

साहेबिणीच्या हातातला झारा तसाच राहिला. मुलीने फौजदारिणीकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"बाबा, मावशी आली," ती म्हणाली. "आता सगळ्यांना कळणार ना?"

साहेबांनी तिला गप्प केलं नाही. उठून फौजदारिणीला खुर्ची दिली आणि खाली बघत सगळं सांगितलं. कंपनीने त्यांचा विभागच बंद केला होता. दुसऱ्या नोकरीचं जवळजवळ जमलं होतं, कळायचं होतं ते सुट्ट्यांनंतर. तोवर या घराचा करार नवा करून घ्यायचा होता, आणि घरमालक आपल्याच मंडळींतला. नोकरी गेल्याचं त्याच्या कानावर गेलं, तर तो घर दुसऱ्याला देईल. घरी राहिलो असतो, तर यंदा डोंगरात का गेला नाहीत, असं पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारलं असतं. म्हणून बॅगा भरल्या, गाडी डेपोत नेऊन ठेवली आणि अंधार पडल्यावर मागच्या दाराने घरी आले.

"झाकली मूठ," साहेब म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत.

"आणि किल्ली?" फौजदारिणीने विचारलं.

"किल्ली द्यायलाच हवी होती," साहेबीण पहिल्यांदा बोलली. "नाही दिली, तर तुम्ही विचारलं असतं ना, ताई."

दोघं रस्ता ओलांडून परत आली. घरात आल्यावर तिने कोट काढला नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"रोज सांगावंसं वाटायचं."

"मग?"

"तू नर्सला सांगितलं असतंस."

यावर ती भांडणार होती. तोंड उघडलंही होतं. पण सकाळचा फोन आठवला आणि ती खुर्चीत बसली. "मी तिला सांगून बसले आहे," ती म्हणाली. "त्यांचं नाही. तुमचं. समोरच्या घरात तुमची कुणीतरी बाई आहे म्हणून. रविवारी ती दार वाजवायला येणार आहे."

नवऱ्याला आधी हसूच आलं. "माझी? तिला खरं वाटलं?"

"वाटलं."

"आणि तुलाही वाटलं." तो आता हसत नव्हता. पाणी प्यायला उठला आणि तिच्याकडे पाठ करून बराच वेळ पीत राहिला.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. खरं सांगितलं की नवरा धुतल्या कपड्यासारखा स्वच्छ, आणि समोरच्यांचं घर गेलं. नाही सांगितलं, तर नर्स रविवारी येणार, दार वाजवणार, आणि ती पोर पुन्हा तशीच वडिलांकडे बघणार. तिने फोन उचलला. या वेळी नर्सने लगेच घेतला.

"अगं, माझंच डोकं फिरलं होतं," फौजदारीण म्हणाली. "मी आज स्वतः जाऊन बघून आले. कुणी नाही तिथे. ह्यांनी हीटर चुकून वाढवून ठेवला होता, म्हणून बर्फ राहिला नाही. मी चुकले."

हा शब्द तिच्या तोंडून नर्सने पहिल्यांदाच ऐकला असावा.

"आणि दूध?"

"मीच सांडलं असेल कुठे."

"कांद्याचा वास?"

"लॉन्ड्रीत काय कमी वास येतात? माझ्याच नाकात बसला असेल. तू नको येऊस रविवारी."

मग नर्स बोलली ती अगदी मऊ आवाजात. पेशंटच्या नातेवाइकांशी ती असं बोलत असणार. "कळलं गं मला. संसार म्हटला की झाकावं लागतं. नको म्हणतेस, तर नाही येत मी. तू मन घट्ट कर. आणि काळजी करू नकोस, मी कुणाला सांगणार नाही."

फौजदारिणीने डोळे मिटले. हे शेवटचं वाक्य तिने स्वतः किती घरी, किती बायकांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं. ते कुठवर टिकतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? अजूनही एका वाक्यात सगळं फिरवता आलं असतं. ते वाक्य जिभेच्या टोकावर येऊन थांबलं होतं.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" नवऱ्याने विचारलं.

"विश्वास नाही बसला. कुणाला सांगणार नाही म्हणाली."

त्याने मान डोलावली. "म्हणजे रविवारी हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघणार."

"तुमच्याकडे बघतील आणि माझी कीव करतील," ती म्हणाली. तिने कोट काढला, खुंटीला लावला आणि दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. "बघू देत."