काळीचं कुलूप

चिखलीतल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दीडशे तरी दुचाक्या उभ्या असतात. कुणाच्या चाकात साखळी, कुणाच्या डिस्कला कुलूप. एकाने तर नव्या गाडीला सायरन बसवलाय. सीटवर मांजर बसलं तरी तो कोकलतो. या सगळ्यांत ज्योतीराम बिराजदारांची काळी तेवढी मोकळी उभी असायची. हँडलचं लॉकसुद्धा मोडलेलं, किल्ली नुसती नावाला. कुणी काळजीनं विचारलं, तर ज्योतीराम म्हणत, "मारून बघा की किक."

विचारणारा हौसेनं पाय उचलायचा आणि दुसऱ्याच दणक्याला पोटरी चोळत बाजूला व्हायचा.

काळी म्हणजे शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. निलंग्याहून आलेले ज्योतीराम भोसरीच्या एका कारखान्यात कायम झाले, त्या वर्षी त्यांनी ती घेतली. घरात फ्रिज यायच्या आधी काळी आली, हे प्रभावतीबाई अजूनही पाहुण्यांना सांगतात. पुढे कारखाना चाकणला गेला, ज्योतीराम तपासणी विभागात गेले, कंपनीची बस आली. काळी मग फक्त रविवारची झाली आणि रविवारची झाल्यावरच तिचे खरे लाड सुरू झाले. टाकीला तीन हात काळा रंग आणि वर सोनेरी रेघ, तीही ज्योतीरामांनी श्वास रोखून हातानं ओढलेली. फूटरेस्टचे दांडे लेथवर स्वतः कातलेले. सायलेन्सर मात्र मूळचाच. फटाके फोडत जाणारी पोरं दिसली की ते म्हणायचे, "इंजिनाचा आवाज ऐकावा माणसानं. नळकांड्याचा काय ऐकायचा?"

सोळा वर्षांपूर्वी त्यांनी काळीचं हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, पाऊण मिलिमीटर तासून घेतलं. आतली जागा कमी झाली, दाब वाढला आणि काळी अशी पळू लागली की नाशिक फाट्याच्या पुलावर पुढे कोणी राहिलं नाही. पण दाब वाढला तशी किकही घट्ट झाली. पाय नेमक्या ठिकाणी थांबवून, पिस्टन वर येऊ देऊन, मग सगळं वजन एकदम टाकायचं. जरा चुकलं की दांडा उलटा येऊन नडगीवर बसायचा. त्याच वर्षी चोर आले. त्यांनी हँडलचं लॉक तोडलं, काळी गेटबाहेर ढकलत नेली आणि पन्नास पावलांवर सोडून पळाले. सकाळी ती भिंतीला टेकलेली सापडली. किकचा दांडा तसाच खाली लोंबत होता. शेजारी एका पायाची चप्पल पडलेली. ती चप्पल ज्योतीरामांनी बरेच दिवस जपून ठेवली होती. कुलूप मात्र त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही.

दर रविवारी सकाळी सात वाजता ताथवड्यात, हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या चहाच्या टपरीपाशी जुन्या गाड्यांची मंडळी जमतात. आठवडाभर कंपन्यांच्या कॅबनी तुंबलेला हिंजवडीचा रस्ता त्या वेळी रिकामा असतो. तो पार करून माण, तिथे मिसळ, मग घोटवड्यापर्यंत एक फेरी आणि अकराच्या आत घरी. या मंडळींचा नियम एकच, तो उद्धवरावांनी घातलेला. उद्धवराव ताथवड्याचे जुने शेतकरी. जमीन रस्त्यात आणि इमारतींत गेली, पण बुलेट राहिली. नियम असा, की निघताना ज्यानं त्यानं आपली गाडी सगळ्यांसमोर चालू करायची. तीन किकांत झाली तर ठीक, नाही तर त्या दिवशीची मिसळ त्याची. दुसऱ्यानं पाय लावायचा नाही आणि ढकलायचंही नाही. मंडळात आल्यापासून अकरा वर्षांत ज्योतीरामांवर मिसळ पाजायची वेळ आली नव्हती. बहुतेक वेळा पहिल्याच किकला काळी बोलायची. मग ते इकडेतिकडे न बघता हातमोजे चढवायचे. तेवढाच त्यांचा तोरा.

भाद्रपदातल्या एका रविवारी तीन किका झाल्या आणि काळी बोलली नाही.

पहिलीला पाय घसरल्यासारखं झालं. दुसरीला उजव्या गुडघ्यात काहीतरी लचकलं आणि तिसरी किक म्हणजे नुसता पाय ठेवल्यासारखीच होती. मंडळी एकदम खूश झाली.

"लिहून ठेवा रे तारीख," उद्धवरावांचा पुतण्या दिग्विजय म्हणाला. "बिराजदार काकांची मिसळ. मी तर दोन प्लेट खाणार."

"प्लग ओला झाला," ज्योतीराम म्हणाले.

उद्धवरावांनी चहाच्या ग्लासावरून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ज्योतीरामांनी खाली वाकून प्लग काढला, फडक्यानं उगाच पुसला, पुन्हा बसवला. दात-ओठ खाऊन मारलेल्या चौथ्या किकला काळी चालू झाली. मिसळ खाताना दिग्विजय त्यांच्या शेजारी येऊन बसला. त्याच्याकडे चार गाड्या होत्या, त्यांतल्या तीन बटणावर चालणाऱ्या. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, राग मानू नका. कधी द्यायचा विचार झालाच, तर मला सांगा. बाहेर नका देऊ. माझ्याकडं ती नीट राहील."

दोन वर्षं तो हेच म्हणत होता. ज्योतीराम दर वेळी हसून सोडून द्यायचे. या वेळी त्यांना हसू आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावली. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, की गुडघ्यातली गादी झिजली आहे, जिने कमी चढा. किकचं डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी तीन किकांत नाही झाली, तर दिग्विजयला देऊन टाकतो," ते म्हणाले.

प्रभावतीबाई मेथी निवडत होत्या. "तीस वर्षं मी म्हणलं तवा नाही दिली. आता त्या पोराच्या मिसळीपायी देता व्हय?"

"मिसळीचं नाही. जी गाडी आपल्याला चालू करता येत नाही, ती आपली कशी म्हणायची?"

यावर प्रभावतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली. नवऱ्याची थट्टा कुठपर्यंत करायची, हे त्यांना ठाऊक होतं.

ज्योतीराम तपासणीवाले होते. वीसेक वर्षं त्यांनी लोकांनी बनवलेले भाग हातात घेऊन पास किंवा रिजेक्ट म्हटलं होतं. नापास भागासोबत जो कागद जातो, त्यावर कारणाचा रकाना असतो आणि तो खरा भरायचा असतो. 'प्लग ओला' हे त्यांनी अकरा माणसांसमोर भरलेलं खोटं कारण होतं. ते त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त दुखत होतं.

सोमवारी कामावरून आल्यावर त्यांनी काळीचा कार्बोरेटर उघडला. मंगळवारी ठिणगी देणारे पॉइंट तपासले, ठिणगी पाहिली, टाकीतला ऑइल-पेट्रोलचा मेळ पाहिला. कुठेच दोष नव्हता. आपल्याला दोष हवा होता, हे त्यांना बुधवारी कळलं. मग त्यांनी दोष शोधणं सोडलं आणि मोजमाप घेतलं. शेजारच्या किराणावाल्याकडून लटकता ताणकाटा आणला, किकच्या दांड्याला अडकवला आणि सावकाश ओढून दांडा किती भार मागतो ते पाहिलं. मग घरातला वजनाचा काटा जमिनीवर ठेवून त्यावर उजवा पाय दाबला, गुडघ्यात कळ येईपर्यंत.

कामावरून आलेली योगिनी दारातच थांबली. ती हिंजवडीत एका कंपनीत होती. "पप्पा, एका पायाचं वजन करताय?"

"हो. कमी भरलं."

"किती?"

"गाडी मागते त्याच्या निम्मं."

योगिनीनं बॅग खाली ठेवली. "मग बटणाची गाडी घेऊ ना. किती दिवस म्हणतेय मी."

ज्योतीरामांनी काटा भिंतीकडे सरकवला. त्यांच्या डोक्यात कामावरची एक जुनी गोष्ट आली होती. कधी कधी दोन भाग येतात. दोन्ही आपापल्या मापात पास असतात, पण एकमेकांत बसत नाहीत. नव्या पोरांना वाटतं, कुणीतरी चुकलंय, आणि ते दोन्ही परत पाठवतात. जुना माणूस तसं करत नाही. दोघांपैकी ज्याच्यावर पुन्हा काम होऊ शकतं, तो भाग घेऊन आधी कामाच्या बाकावर बसतो.

गुडघ्यावर काम होण्यासारखं नव्हतं. हेडवर होतं. सोळा वर्षांपूर्वी पाऊण मिलिमीटर काढलं होतं, तेवढी जागा परत द्यायची. हेडखाली तेवढ्याच जाडीचा तांब्याचा पत्रा घालायचा, झालं. एका संध्याकाळचं काम. पण त्याचा अर्थ काय, हेही त्यांना कळत होतं. काळी तेवढी पळणार नाही आणि कुणाच्याही पायाला चालू होईल. चोराच्या चपलेची गोष्ट मग फक्त गोष्टच राहील.

तरी गुरुवारी त्यांनी पत्रा आणला.

तांब्याचं लोखंडाच्या उलट असतं. लाल करून पाण्यात बुडवलं की ते मऊ होतं आणि दोन पृष्ठभागांत नीट दबून बसतं. शुक्रवारी त्या पत्र्याची कापलेली गोल कडी पकडीत धरून ज्योतीराम स्वयंपाकघरात आले.

"थांबा, आधी माझं दूध उतरू द्या," प्रभावतीबाई म्हणाल्या. "आणि ते पाणी कुठल्या भांड्यात? त्या कळशीत नाही हं."

कडी लाल झाली, बादलीत चुर्र केली. प्रभावतीबाई बघत उभ्या होत्या. "सुंदर दिसतंय," त्या म्हणाल्या. "कानात घालण्यासारखं."

शनिवारी सकाळी हेड बसलं. ज्योतीराम काळीशेजारी उभे राहिले, दांड्यावर पाय ठेवला आणि पुन्हा काढला. एरवी न थांबणारा माणूस थांबला. योगिनी दूध आणायला खाली आली होती. "मी मारू?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता, पायातल्या रबरी स्लिपरसकट, दांडा खाली दाबला.

काळी चालू झाली.

योगिनी दचकली, मग खूप हसली. लहानपणापासून कितीतरी वेळा तिनं त्या दांड्यावर उभं राहून उड्या मारल्या होत्या, पण तो तिच्यासाठी कधी हलला नव्हता. ज्योतीरामही हसले. पण सोळा वर्षांचं कुलूप घरातल्या स्लिपरनं उघडलं, हे त्यांना थोडं लागलंही.

रविवारी ताथवड्यात सगळे वेळेवर हजर होते. मागच्या मिसळीची चटक लागली होती. "प्लग कोरडा आहे ना काका?" दिग्विजयनं विचारलं. "नाही, मी आज नाश्ता न करता आलोय."

ज्योतीरामांनी पाय ठेवला. गुडघ्यानं जेवढं दिलं तेवढंच वजन टाकलं. पहिल्या किकला काळी बोलली. मंडळींनी मिसळ बुडाल्याचा सुस्कारा टाकला. ज्योतीराम हातमोज्यांकडे वळले. तेवढ्यात उद्धवराव उठून काळीपाशी आले आणि कान तिरपा करून उभे राहिले.

"आवाज नरमलाय रं हिचा," ते म्हणाले.

आणखी एक कारण सांगता आलं असतं. पेट्रोल बदललं, हवा दमट आहे, काहीही. ज्योतीरामांनी गाडी बंद केली.

"हेड तासलं होतं, ती जागा परत दिली. तांब्याची कडी घातली. माझ्या पायाला झेपत नव्हतं." त्यांनी हातमोजे टाकीवर ठेवले. "मागच्या रविवारी प्लग ओला नव्हता, उद्धवराव. गुडघा होता."

"व्हय," उद्धवराव म्हणाले. "वल्या प्लगाला पेट्रोलचा वास येतो. म्या तिथंच हुतो की." मग त्यांनी आपला डावा हात पुढे केला. अंगठा जरा वाकडा होता. "आता माझं ऐक. बुलेटचा क्लच मला दोन वर्सं झाली दबत न्हाई. ह्यानं लांब दांडा लावून दिलाय." त्यांनी मानेनं पुतण्याकडे खूण केली. "कुणाला बोललो न्हाई. मंडळाचा नियम काढला तो मी, आन् मीच सांगायचं?"

दिग्विजय मात्र काळीकडे बघत होता. "काका, मी एक मारू?"

नियमानं दुसऱ्यानं पाय लावायचा नव्हता. पण ज्योतीरामांची किक झाली होती, तेव्हा नियम पाळला गेला होता. त्यांनी मान हलवली. दिग्विजयनं जपून पाय ठेवला. दोन वर्षांपूर्वी याच दांड्यानं त्याची नडगी फोडली होती. काळी चालू झाली. तो तसाच उभा राहिला, दोन्ही हात हँडलवर ठेवून. "आयला," एवढंच म्हणाला.

मग जो तो पुढे आला. फेरीनंतर हौसेनं किक मारून बघताना प्रत्येकाला या गाडीनं कधी ना कधी लाथ मारली होती. एकेक जण यायचा, किक मारायचा, काळी बोलायची, तो दुसऱ्यासाठी ती बंद करायचा आणि हसत बाजूला व्हायचा. अकरा वेळा. ज्योतीराम टपरीच्या बाकावर बसून चहा पीत ऐकत होते. आपली गाडी बाहेरून कशी ऐकू येते, हे त्यांना माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ते नेहमी तिच्यावर बसलेले असायचे. ठिणगी नेमकी होती, आवाजात कुठे खरखर नव्हती. कुणी विचारलं असतं तर त्यांनी तिला पास म्हटलं असतं.

"मग द्यायची नाही तर?" दिग्विजय शेजारी बसत म्हणाला.

"नाही. पण रविवारी आलास की किक मारत जा."

हिंजवडीचा रस्ता रिकामा होता. काळी पूर्वीइतकी पळाली नाही. माणपर्यंत दोन जण त्यांच्या पुढे होते आणि त्याचं त्यांना फार वाटलं नाही, थोडंच वाटलं. मिसळ त्या दिवशी उद्धवरावांनी पाजली. म्हणाले, क्लचचं लपवलं त्याची.

परतताना चिंचवडमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानापाशी ज्योतीराम थांबले. काळी दारातच उभी केली, पण आत जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. आता कुणीही ती चालू करून नेऊ शकत होतं.

"एक साखळी द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "कुलपासकट. जाड द्या. गाडी जुनी आहे, पण चालू आहे."