साडू, आक्का आणि ट्रायइथाइल ॲल्युमिनियम

अख्खं जग ट्रायइथाइल ॲल्युमिनियमवर चाललंय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला! कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. लग्नात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आधी ते तिला उचलून बघणार आणि शेजाऱ्याला सांगणार, ''हिला घडवणारं रसायन हेच. प्लास्टिक बनवताना टायटॅनियमच्या जोडीला हे नसलं, तर तुमी आमी सतरंजीवर!'' एकदा कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर पाण्याच्या प्लास्टिकच्या जगाकडं बोट दाखवून त्यांनी वेटरला विचारलं, ''ह्या जगामागं काय हाय, ठाऊक हाय का?'' त्यानं वाकून बघितलं. ''मिठाची डबी हाय, सर.''

ते बनवायचं कसं, हेही तोंडपाठ. ''ॲल्युमिनियमची पूड घ्यायची, हायड्रोजन आन् इथिलीन सोडायचं, झाकण घट्ट, दाब देऊन तापवायचं...'' एवढ्यात आतून आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, ओरडायची, ''माझ्या कुकरला हात लावू नका!'' मग साडू माझ्या कानात म्हणायचे, ''हवा लागली की पेटतं, पाणी टाकलं की जास्तच भडकतं. बराबर तुमच्या आक्कावाणी.''

दिवाळीत मात्र त्याच्या रेणूची रचना शिकवायचा मुहूर्त असायचा. ताटात दोन लाडू, मधे दोन शंकरपाळे. ''लाडू म्हणजे ॲल्युमिनियम. दोघांपाशीबी इलेक्ट्रॉन कमी पडतात, म्हणून मधले हे दोन इथाइल, पुलावाणी, दोघं मिळून धरतात. आपण दोघं साडू, मधे ह्या दोघी बहिणी. आपल्यात कमी हाय, म्हणून तर ह्यांच्या जिवावर जोडी टिकली!'' हे ऐकता ऐकता माझी बायको मुद्दाम एक शंकरपाळा उचलून तोंडात टाकायची. ''अहो, पूल खाल्ला की हो!'' साडू कळवळायचे, आणि ती ठसका लागेपर्यंत हसायची.

गेल्या वर्षी ती गेली. बायकोच नाही तर साडू कशाचा, हे मला आतून खात होतं. दिवाळीला बोलावणं येईल की नाही, कुणाला विचारणार? आपणहून जायला पाय निघेना. दार लावून बसलो होतो, तर दोघं डबा घेऊन हजर. ''काहून बसून राहिलात अंधारात?'' म्हणत आक्कानं दिवा लावला.

साडूंनी ताट घेतलं. दोन लाडू ठेवले, मधे एकच शंकरपाळा.

''एक पूल सुटला म्हणून जोडी लगेच तुटत न्हाई, साडूभाऊ,'' ते म्हणाले. ''दुसरा धरून राहतो.''

''भाषण पुरे, खा आता,'' आक्का डोळे पुसत म्हणाली.

आम्ही एकेक लाडू खाल्ला. शंकरपाळ्याला मात्र कुणीच हात लावला नाही.