देवनागरी कार्डाची साथ

दुपारचं जेवण अंगावर आलंय. दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून लेले बाकावर आडवे होतात. समोर टेंबेबुवांचा जुना होम कॉम्प्युटर उघडाच पडलाय. पस्तीस वर्षं बुवांनी आपली कीर्तनाची आख्यानं त्यावरच टाइप केली. त्यात एक जादाचं कार्ड खोचलेलं आहे, त्याच्यामुळे पडद्यावर देवनागरी उमटायची. आता नुसता अक्षरांचा चुरा दिसतो. बुवांचं शेवटचं, कुणीच न ऐकलेलं आख्यान आत अडकलंय, आणि उद्या वर्षश्राद्धाला त्यांची लेक सुलभा तेच गाणार आहे. सकाळीच लेल्यांनी तिला सांगून टाकलं, "कार्ड गेलं गं." डोळे मिटतात. पंख्याची घरघर झांजेसारखी ऐकू येऊ लागते.

"गेलं म्हणे! गेलो तो मी. कार्ड कशाला जातंय?"

बुवा बाकाच्या कडेला बसलेत. खांद्यावर उपरणं, कपाळाला बुक्का. लेले धडपडत त्यांचे पाय धरतात.

"बुवा, सगळं तपासलं हो."

"मी दवाखान्यात असताना मूळची रॉमची चिप, मशीनच्या कायमच्या सूचना असतात ती, काढून नवी बसवलीस, ती तपासलीस?"

लेल्यांची मान खाली जाते. "मशीन सारखं अडायचं. म्हटलं, तुम्ही घरी आलात की…"

"आलो नाही खरा. चल."

दोघं शटरखालून वाकतात आणि सभामंडपात उभे राहतात. जमीन हिरवीगार, तिच्यावर तांब्याच्या रेघांची रांगोळी. गोल गोल खांब. लेले चपला काढतात. जन्मभर ज्यात सोल्डरिंग केलं, त्याच मशीनच्या पोटात ते मुंगीएवढे होऊन उभे आहेत.

बुवा झपतालात पद उचलतात. पलीकडून कुणीतरी दादरा धरतं. छतातून अक्षरं कोसळतात, काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे.

"कोण चुकलं रे?"

"कुणीच नाही, बुवा. दोघंही आपापल्या तालात बरोबर आहेत."

"हां! कार्ड बिचारं जुन्या सवयीनं एकाच दारावर थाप मारतंय. नव्या रॉममध्ये ते दार दुसऱ्या भिंतीला गेलंय. मूळची फेकलीस का?"

"छे! पिना वाकू नयेत म्हणून थर्मोकोलमध्ये टोचून ठेवलीय. काढलेली प्रत्येक चिप तशीच ठेवतो."

"मग रडतोस काय, लेल्या?"

बुवा त्यांच्या तळहातावर ती अठ्ठावीस पिनांची मूळची चिप ठेवतात आणि मूठ मिटवतात. "घट्ट धर."

दोन्हीकडे एकच ताल लागतो. पडलेली अक्षरं उठतात, आपापली मात्रा शोधतात, ओळींनी उभी राहतात. अख्खं आख्यान डोक्यावर उजळतं, समईच्या ज्योतींसारखं. लेल्यांना वाचवत नाही. ते नुसते हात जोडतात, उजवी मूठ मिटलेलीच.

"ऐकतोस?"

"आज नको, बुवा. उद्या सुलभाच्या तोंडून ऐकेन."

बुवा हसतात. हसता हसता मंडप फिका होतो.

"काका!" चहाचा पेला घेऊन सुलभा शटर वर करतेय. "असे काय बसलात मूठ आवळून?"

बोटं आखडलीत. लेले एकेक करून ती सोडवतात. मूठ रिकामी आहे. तळहातावर मात्र लाल ठिपक्यांच्या दोन सरळ रांगा उमटल्यात. सुलभा वाकून मोजते. चौदा, आणि समोर चौदा.